गफूरभाईंचं विलायतेतलं गाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गफूरभाईंना विलायतेहून आलेलं एक पत्र मी त्यांच्या हाती पडू दिलं नाही. एवढंच नाही, त्यांच्या नावाने त्याचं उत्तरही मीच लिहून टाकलं. कारण सांगायचं तर एका शब्दात सांगता येतं: हेवा. आज पन्नाशी उलटली, केस गेले, आता तरी लपवून काय करायचंय?

पण आधी गफूरभाई खोत कोण ते सांगायला हवं.

दर गुरुवारी गफूरभाई टाय बांधून वखारीत यायचे. ही साठ सालानंतरची दुबई. तिला तेव्हा धड धक्का नव्हता. जहाज बाहेर समुद्रात उभं राहायचं आणि पडावांतून पेट्या खाडीत यायच्या. आमची कंपनी इंग्रजांची. मी ऑफिसात टायपिस्ट आणि गफूरभाई वखारीत टॅली क्लार्क, म्हणजे आलेल्या पेट्या मोजायचं काम. उन्हात शर्ट अंगाला चिकटलेला, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेला आणि गळ्यात निळा टाय. नवीन माणूस हमखास विचारायचा, "काय चाचा, आज कुणाचा निकाह?"

"आमच्याकडे आज बाजार," गफूरभाई सांगायचे. "आमच्याकडे बाजार गुरुवारी. चार मोठी माणसं येतात. गळा उघडा बरा दिसत नाही. काय समजलास?"

नवीन माणसाला वाटायचं, दापोलीकडचा बाजार असेल. दापोलीजवळ त्यांचं घर होतं हे खरं, पण गफूरभाईंचं 'आमच्याकडे' म्हणजे इंग्लंडातलं मार्केट वेल्बी. त्या गावात त्यांनी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं.

त्याचं असं झालं. विलायतेहून कपबशा यायच्या, त्या पेंढ्यात आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. पेटी फुटलेली असली की टॅली क्लार्कने उघडून फुटकं-धड वेगळं करायचं. इतर लोक कप मोजायचे आणि कागद फेकायचे. गफूरभाई कागद आम्ही सगळे राहायचो त्या मेसमध्ये न्यायचे, कोळशाच्या इस्त्रीने सरळ करायचे आणि वाचायचे. कारखाना बहुधा वेल्बीच्या आसपास असावा, कारण कागद सगळे मार्केट वेल्बीच्या एकाच साप्ताहिकाचे. सहावी पास माणूस, डिक्शनरी उशाला ठेवून चार वर्षं ते कागद वाचत होता.

आमच्या मेसच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने वेल्बीचं वर्ष मांडलं होतं. फेब्रुवारीत पॅनकेकची शर्यत. मे महिन्यात मेयर टाउन हॉलच्या गॅलरीतून पोरांवर गोड पाव फेकतो. ऑक्टोबरात जत्रा आणि जत्रेला पाऊस, न चुकता. शिवाय बघण्यासारखं काय काय: एकशे एकतीस पायऱ्यांचा चर्चचा टॉवर, सात कमानींचा पूल आणि म्युझियममध्ये पेंढा भरलेलं दोन तोंडांचं वासरू.

"ती पॅनकेकची शर्यत म्हणजे काय हो?" मेसचा स्वयंपाकी कासम मुद्दाम विचारायचा. त्याला शंभरदा सांगून झालेलं असायचं.

"घावनं रे. बायका हातात तवा घेऊन बाजारातून चर्चपर्यंत पळतात. पळता पळता घावन उडवायचं आणि तव्यात झेलायचं."

"आणि खाली पडलं तर?"

"उचलायचं, झटकायचं, पळायचं. नियम आहे."

"माझ्या बायकोला पाठवा. घावन राहू दे, ती तवाच फेकून मारील!"

सगळी मेस हसायची. गफूरभाईही हसायचे, पण लगेच गंभीर होऊन म्हणायचे, "गेल्या साली पोस्टमास्तरची बायको पहिली आली. गुडघा दुखत होता तरी."

मी हसायचो नाही. आतल्या आत जळायचो.

मी राजापूरचा. मॅट्रिक फर्स्ट क्लास. साहेबांची पत्रं मी टाइप करायचो, त्यांच्या चुका मी दुरुस्त करायचो, आणि दोन वर्षांत साहेब माझ्याशी जे बोलले ते सगळं 'रशीद, तीन कॉपी' यात मावतं. विलायतेला जायचं स्वप्न माझं होतं. आणि एके दिवशी साहेब वखारीत गेले, टाय घातलेला टॅली क्लार्क बघितला, कारण विचारलं आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून गुरुवारी चार वाजता गफूरभाईंना साहेबांच्या केबिनमध्ये चहा. मी बाहेर टाइप करत बसलेलो. आतून आवाज यायचा: "वेल, खोत, व्हॉट्स ऑन इन वेल्बी?" आणि गफूरभाई त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगायचे. 'द वुमन इज रनिंग, सर, द पॅनकेक इज अल्सो रनिंग.' साहेब खूश. माझं व्याकरण बाहेर बसून घाम पुसत होतं.

पुढे तर कहर झाला. चर्चच्या टॉवरवर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता आणि तो अडकला होता. गफूरभाईंना तीन वर्षांच्या कागदांत तो अडकलेलाच सापडला. शेवटी न राहवून त्यांनी त्या साप्ताहिकाला पत्र घातलं: आपला कोंबडा तीन वर्षं पूर्वेकडेच बघतो आहे, ही गोष्ट गावाला शोभत नाही. पत्र छापून आलं. खाली त्यांचं नाव आणि 'दुबई'. गावाला लाज वाटली म्हणे, वर्गणी झाली, कोंबडा फिरू लागला!

संपादकाने तो अंक पोस्टाने पाठवला. सरळ, करकरीत, एक सुरकुती नाही. गफूरभाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. त्यांना काही तरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी तो नीट चुरगळला, इस्त्री तापवली, सरळ केला आणि वाचायला बसले.

माझं नाव तोवर फक्त एकदा छापून आलं होतं, मॅट्रिकच्या निकालात, आणि तेही चुकीचं.

आता पोस्टाची पद्धत सांगतो, कारण माझा गुन्हा तिच्यातच आहे. दुबईत घरी पोस्टमन येत नसे. कंपनीची एक पेटी पोस्टात असायची आणि कंपनीतल्या सगळ्यांची पत्रं त्या एकाच पेटीत. किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी मी अब्रा, म्हणजे तिथली होडी, पकडून खाडी ओलांडायचो, पत्रं काढायचो, आणि दुपारी मेसमध्ये वाटायचो. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाच्या घरी भांडण झालं, लिफाफ्याच्या जाडीवरून मला कळायचं. गफूरभाईंना गावाहून पत्र येत नाही, हेही मलाच ठाऊक होतं. बायको गेल्यावर जी पत्रं थांबली ती थांबलीच. येत होतं ते वेल्बीहून, कोंबड्यापासून पत्रापत्री चालूच होती.

त्या हिवाळ्यात वेल्बीच्या फुलं-भाज्यांच्या प्रदर्शनाच्या कमिटीने त्यांना कळवलं, की तुमच्याबद्दल काही विचार चालू आहे, मे महिन्यापर्यंत पत्र येईल. हे प्रदर्शन म्हणजे वेल्बीचा ऑगस्टातला मोठा सण. तंबू, बँड आणि सगळ्यात मोठ्या मॅरोला पहिलं बक्षीस. मॅरो म्हणजे आपल्या दुधीचा फुगलेला चुलतभाऊ. गफूरभाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं. दुबईतल्याच डेरा भागातल्या बाजारातून जुना लोकरीचा कोट आणला. एप्रिलच्या उकाड्यात तो घालून मेसमध्ये उभे राहिले.

"कसा दिसतो?"

"उकडलेल्या बटाट्यासारखा," कासम म्हणाला. "काढा, नाहीतर इथेच खलास व्हाल."

"सवय करून घेतोय रे. तिकडे ऑगस्टातही गारठा असतो. रशीद, आलं काय रे पत्र?"

"नाही."

हे 'नाही' तेव्हा खरं होतं.

पत्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. मी ते अब्रात बसून उघडलं. का उघडलं? पेटी कंपनीची, किल्ली माझी, अशी काही तरी समजूत मी स्वतःची घातली. कमिटीने लिहिलं होतं: यंदाच्या प्रदर्शनाला आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावं. जाण्यायेण्याची व्यवस्था आम्ही करू. गावकऱ्यांना आपल्याला बघायचं आहे. जूनअखेर होकार कळवावा.

खाडीच्या मधोमध मी ते पुन्हा एकदा वाचलं. डोळ्यांसमोर आलं की तंबूत बँड वाजतो आहे, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि कोट घातलेला सहावी पास गफूर खोत इंग्रजांच्या दुधीवर हात ठेवून उभा आहे. मी कुठे? दुबईत. तीन कॉपी काढतोय.

त्याच दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी मशीनवर कागद चढवला. कामाच्या व्यापामुळे येणं अशक्य, या सन्मानाबद्दल मनःपूर्वक आभारी, यापुढे पत्रव्यवहारालाही वेळ मिळेलसं वाटत नाही, तरी क्षमस्व. एकही चूक नाही. माझ्या हातून त्याहून चांगलं इंग्रजी पत्र आजवर लिहिलं गेलेलं नाही. खाली गफूरभाईंची सही केली. त्यांची सही सोपी होती, टॅलीच्या कागदांवर रोज बघत होतो.

दुसऱ्या सकाळी ते पोस्टात टाकलं, मूळ पत्र माझ्या ट्रंकेत.

जूनभर ते रोज विचारत होते. "आलं काय रे?" "नाही." अब्रातून मी उतरताना ते वखारीच्या दारात उभे असायचे. मग नुसती मान वर करून विचारू लागले, मी नुसती मान हलवायचो. जुलैत तेही थांबलं. मला वाटलं होतं, आता वेल्बीला शिव्या घालतील, भिंतीवरचं वर्ष पुसतील, आपल्यासारखेच होतील. पण कासमने टोचलं, "काय गफूरभाई, तुमच्या गावाने टांग दिली?" तेव्हा ते त्याच्यावरच उखडले.

"शेतीचे दिवस आहेत बाबा त्यांचे. गवत कापतील की पत्रं लिहीत बसतील? आपली ग्रामपंचायत देते काय उत्तर वेळेवर?"

ऑगस्टातल्या प्रदर्शनाच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मला वखारीच्या मागे बोलावलं. अंगात तो कोट. भिंतीच्या सावलीला चहाची एक रिकामी पेटी, तिच्यात माती, वर गोणपाटाचं छप्पर आणि एक वेल. नमाजाआधी हातपाय धुतात ते वजूचं पाणी तेवढं घालून घालून त्यांनी तो जगवला होता. गोडं पाणी तेव्हा गाढवावरून डब्यांनी यायचं, ते झाडाला कोण देणार? वेलाला वीतभर लांबीचा एक दुधी लागला होता. तो फडक्यावर मांडलेला. शेजारी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर इंग्रजीत 'दुसरं बक्षीस'.

"पहिलं कुणाला?" मी विचारलं. काही तरी विचारायला हवं होतं.

"पहिलं तिकडच्यांना. आपण पाहुणे." त्यांनी मला खोक्यावर बसवलं. "तू परीक्षक. बघ नीट. शिकलेला माणूस आहेस."

मी दुधी हातात घेतला. ऊन लागून तो गरम झाला होता.

"गावाकडे आता कोण आहे मला?" ते वेलाकडे बघत म्हणाले. "घर आहे, कुलूप आहे. तिकडे चार माणसं तरी म्हणत असतील, बघू या दुबईचा खोत काय लिहितो. म्हणून जीव लागला, दुसरं काय." मग हसत म्हणाले, "बोलावणं आलं असतं ना, तर मी उलट कळवणार होतो, आम्ही दोघं येतो. लिहिण्यापुरतं माझं ठीक आहे रे, पण चारचौघांत जीभ अडकते. भाषण तू करायचंस. मी नुसता बघत फिरणार होतो."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. पत्र दोनशे पावलांवर, माझ्या ट्रंकेत होतं. मी म्हणालो, "छान आहे दुधी." संध्याकाळी कासमने तो चण्याच्या डाळीत शिजवला. सगळ्यांना एकेक फोड आली. मीही खाल्ली.

गफूरभाई पुढे दोन वर्षांनी कायमचे गावी परतले. दापोलीजवळच्या त्या घरात एकटेच राहतात. ईदला माझं कार्ड जातं, त्यांचं येतं. बोटीतून, विमानातून, एसटीतून मी अनेकदा कोकणात आलो, आणि दर वेळी दापोलीचा फाटा सोडून पुढे गेलो.

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. ते त्यांच्या हातात द्यायचं, नकार मी लिहिला हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं, आणि मार्केट वेल्बीच्या कमिटीलाही माझ्या सहीने तेच कळवायचं. एवढं मी गफूरभाईंचं देणं लागतो, आणि त्यातलं काहीच अजून फिटलेलं नाही.