फ्रिजशेजारचं पोस्ट

शामरावांनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच गंधालीला कळलं की ते सहज आलेले नाहीत. स्नेहमंडळाचे सचिव म्हणून ते रायपूरच्या तेलीबांध्यातल्या प्रत्येक मराठी घरात चहा घेत. गेले सहा महिने फक्त याच घरात त्यांना चहा चालत नव्हता.

"वार्षिक सभेची सूचना पाठवली म्हणतेस."

"मंगळवारीच पाठवली, काका. एकशे सत्त्याऐंशी सभासदांना."

"पाठवली ते समजलं. मिळाली कोणाले?"

मंगळवारपासून आज शुक्रवारपर्यंत एकाही सभासदाची पोच आली नव्हती.

"सभा पुढच्या रविवारी पाच वाजता. घटनेत लिहून हाये, सूचना सात दिवस आधी पोचली पाहिजे आन् एक तृतीयांश लोकाईची पोच पाहिजे. म्हणजे त्रेसष्ट. परवा पाच वाजेपर्यंत त्रेसष्ट पोचा दाखव."

"आणि नाही आल्या तर?"

"तर सभा पुढं जाईन. आन् सोमवारपासून मंडळाचं टपाल कोणत्याबी मोठ्या कंपनीच्या फुकट पत्त्यावरून जाईन. हे बंद." त्यांनी बोट न दाखवता नुसती हनुवटी फ्रिजच्या दिशेनं उडवली.

फ्रिजशेजारी स्टुलावर एक जुना काळा संगणक होता. तिचे वडील दिवाकरराव रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी तो मांडला होता. आपली ई-मेलची पत्रं दुसऱ्याच्या घरी ठेवायला द्यायची आणि वाचायला रोज त्याच्या दारात जायचं, हे त्यांना पटत नसे. त्यांनी स्वतःचं पोस्ट काढलं. घरच्यांची आणि मंडळाची पत्रं अकरा वर्षं या पेटीतून जात-येत होती. मार्चमध्ये ते गेले. गंधाली महाविद्यालयात ग्रंथपाल होती आणि सर्व्हर या शब्दाशी तिचा संबंध वडिलांपुरताच होता. तरी त्यांच्या तीन वह्या वाचून तिनं पेटी चालू ठेवली. पेटीचा पंखा दिवसभर घरघरत असे. मार्चनंतर घरात न बदललेला तेवढा एकच आवाज होता, आणि ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

"परवा पाच वाजता येतो," शामराव म्हणाले, आणि चपला घालून गेले.

शनिवारी सकाळी तिनं पहिली वही उघडली. वडिलांचं अक्षर रेल्वेच्या फॉर्मवर भरल्यासारखं सुटं होतं. 'मोठ्या कंपन्यांचे द्वारपाल तीन गोष्टी विचारतात. या घराला मंडळाच्या नावानं पत्रं पाठवायची परवानगी आहे का. पाकिटावरची मोहर शाबूत आहे का. आणि घराचा क्रमांक सांगून नाव विचारलं, तर तेच नाव येतं का.'

परवानगी होती. मोहर शाबूत होती. तिसऱ्या गोष्टीसाठी तिनं इंटरनेटवाल्यांना फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपका तो सब सही दिख रहा है."

"फिर मेल पहुँच क्यों नहीं रहा?"

"वो तो जिनको भेजा है, उनसे पूछना पड़ेगा ना मॅडम."

पत्रांची परीक्षा घेणारी एक साइट होती. तिथं पत्र पाठवलं, तर दहापैकी दहा गुण मिळाले. मग तिनं तेच पत्र स्वतःच्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलं. ते स्पॅममध्ये, नको त्या टपालाच्या कप्प्यात, सापडलं. एका बाजूला परदेशी लॉटरी, दुसऱ्या बाजूला टकलावर केस उगवणारं तेल, आणि मधे दहापैकी दहा गुणांची सभेची सूचना.

"काय करून राहिली सकाळपासून?" तिच्या आईनं, विमलाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"नापास कशात झालो ते शोधतेय."

त्याचं उत्तर तिसऱ्या वहीत होतं, खाली दोन रेघा मारून. 'सर्व काही बरोबर असूनही पत्र कचऱ्यात जात असेल, तर पेटी उघडू नये. लोकांनी आपल्याबद्दल काय सांगितलं, त्याचा तपास करावा. पुष्कळ लोकांनी स्पॅम म्हणून तक्रार केली, की द्वारपाल ते विसरत नाहीत.'

गंधालीला हे वाचून अपमान झाल्यासारखं वाटलं. मंडळ महिन्याला एक पत्र पाठवतं. त्याची तक्रार कोण करणार? ती वरच्या मजल्यावर गोदावरीकाकूंकडे गेली. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि फोनमधलं काहीही न लपवता दाखवत.

"काकू, तुम्ही मंडळाच्या पत्राला कधी स्पॅम केलंय का?"

"एकदाच केलं ना. तुह्या बाबाच्या वेळी."

गंधाली जिन्याशेजारच्या खुर्चीवर बसली. मार्चमध्ये बाबा गेले त्याच दुपारी तिनं या पेटीतून मंडळाच्या सगळ्या सभासदांना पत्र पाठवलं होतं. विषय लिहिला होता, दुःखद वार्ता.

"तुले बाई वाईट वाटून घेऊ नको," काकू म्हणाल्या. "मरणाची चिठ्ठी आपण घरात ठेवतो का? पहिले पोस्टकार्ड यायचं, दारातच वाचायचं आन् फाडून टाकायचं. फोनात कसं फाडणार? मी डिलीट केलं. तर शामराव म्हणे, डिलीट केलेलं तीस दिवस फोनातल्या टोपलीतच राहते. टोपली तर घरातच झाली ना. मग त्यानं सगळ्याईले सांगितलं, ते स्पॅमवालं बटन दाबा, त्यानं चिठ्ठी पार घराबाहेर जाते."

"सगळ्यांना म्हणजे किती जणांना?"

"त्याच्या फोनातल्या गटात दीडशे तरी असतीन. आज्ञाधारक माणसं आहेत सारे."

म्हणजे एका दुपारी दीडशे माणसांनी, दिवाकररावांबद्दल पूर्ण आदर बाळगून, त्यांच्या पेटीची तक्रार केली होती. पलीकडे कुठंतरी बसलेल्या द्वारपालाला सुतक माहीत नव्हतं. त्यानं एवढंच लिहून घेतलं की रायपूरच्या या घरातून येतो तो कचरा.

गंधालीनं जिन्यातूनच शामरावांना फोन केला.

"हव, मीच सांगितलं," शामराव म्हणाले. "रीतीचं होतं ते सांगितलं."

"मग आता उलटं सांगा, काका. स्पॅममध्ये जाऊन सभेची सूचना उचला, 'हे स्पॅम नाही' दाबा आणि पोच पाठवा. बस, एवढंच."

"त्या जागी मी लोकाईले पाठवणार नाही."

"मार्चचं पत्र आता तिथं नाहीये. ते तीस दिवसांत आपोआप जातं."

"पत्र गेलं असंन. जागा तर तेच हाये ना." फोन बंद झाला.

तिनं स्वतः फोन करायला घेतले. पहिल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बघतो. दुसऱ्याच्या सुनेनं हिंदीत सांगितलं की पापाजी वो फोल्डर नहीं खोलते. तिसऱ्यानं तिलाच समजावलं की अनोळखी गोष्टी दाबू नयेत, बँकेतले पैसे जातात. संध्याकाळपर्यंत बावीस फोन झाले आणि चार पोचा आल्या. गंधाली स्टुलासमोर उभी राहून फडक्यानं पेटी पुसत राहिली. ती सकाळीच पुसून झाली होती.

"त्रेसष्टात किती कमी?" विमलाबाईंनी विचारलं.

"एकोणसाठ."

"आणि बंद म्हणजे काय करतीन? कायमचं?"

"हो."

रविवारी सकाळी आंघोळ, पूजा उरकून विमलाबाईंनी मंडळाची डायरी मागून घेतली, चष्मा लावला आणि फोनजवळ खुर्ची ओढली. सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून कुणाला फोन केला नव्हता.

"मी विमला बोलते. दिवाकररावांची बायको. बरी आहे. एक विचारायचं होतं. माझ्या घरून तुमच्याकडे एक चिठ्ठी आली, ते तुमच्या कचऱ्यात पडून आहे म्हणते गंधाली. नाही, राग नाही आला. पडून आहे, एवढंच. उचलून घ्याल का?"

पलीकडे काय झालं ते ऐकू आलं नाही, पण दोन मिनिटांत पेटीत पोच पडली.

गंधाली बघत राहिली. आईच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच त्यातून सुटका नव्हती. नवरा गेलेल्या बाईची चिठ्ठी आपल्या घरच्या कचऱ्यात आहे, हे ऐकून कोण जागचा हलणार नाही? बीरगांवचे एक गृहस्थ गाडी रस्त्याच्या कडेला लावून स्पॅममध्ये शिरले. एका बाईंनी पूजेतून उठून चिठ्ठी उचलली आणि पुन्हा आंघोळ केली.

"पोचेत काय लिहू म्हणतात," विमलाबाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"काहीही चालेल."

"मिळालं, बरं वाटलं, असं लिहा," त्यांनी फोनमध्ये सांगितलं, आणि पुढच्या सगळ्यांनाही तेच सांगितलं.

बारा वाजता एकोणतीस पोचा होत्या. दीड वाजता एक्केचाळीस. मग आकडा थांबला. विमलाबाई फोन करत होत्या, लोक हो म्हणत होते आणि पेटीत काही पडत नव्हतं. तीन वाजले, तरी एक्केचाळीसच. गंधालीनं तारा दाबून पाहिल्या, पेटीचा दिवा पाहिला. सव्वाचारला विमलाबाईंचा घसा बसला. साडेचारला शामराव आले, अर्धा तास आधीच, आणि घड्याळ दिसेल अशा खुर्चीत बसले.

"किती?"

"एक्केचाळीस."

"हं," ते म्हणाले. त्यात आनंद नव्हता, पण सवलतही नव्हती.

पाचला दहा मिनिटं असताना गोदावरीकाकू धापा टाकत खाली आल्या. "माही चिठ्ठी मिळाली का? दोन वाजताच पाठवली होती. आता पुन्हा पाठवू का?"

गंधालीनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. काकूंचं नाव नव्हतं.

"मी तर तीनदा पाहून पाठवलं. मिळालं, बरं वाटलं. अगदी तसंच लिहिलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

गंधालीचा हात थांबला. अगदी तसंच. डझनावारी माणसं, निरनिराळ्या पत्त्यांवरून, काही तासांत, अक्षर न बदलता तेच तीन शब्द पाठवत होती. सभ्य माणसांचं टपाल असं येत नाही. असं टपाल कोण पाठवतं, हे ओळखायला वडिलांनी पेटीला स्वतः शिकवलं होतं. तिनं अडवलेल्या पत्रांची यादी उघडली. ही यादी सहा महिन्यांत तिनं एकदाही उघडली नव्हती.

मिळालं, बरं वाटलं. मिळालं, बरं वाटलं. पान भरून तेच.

"एकतीस," तिनं मोजलं. "एक्केचाळीस आणि एकतीस."

"बहात्तर," विमलाबाई बसलेल्या घशानं म्हणाल्या.

"म्हणजे तुह्या बापाच्या पेटीनं आमच्याच लोकाईले कचऱ्यात टाकलं," शामराव उठून जवळ आले. "अन् वर आम्हाले नावं. दाखव, मोजू दे मले." त्यांनी चष्मा वर केला, नाव नाव वाचत बोट खाली आणलं, एकतीस बरोबर भरले, आणि तरी बोट खालीच जात राहिलं. ही पेटी काही फेकत नसे, नुसतं बाजूला ठेवत असे. ऑगस्ट गेला, मे गेला. मार्चच्या सतरा तारखेवर बोट थांबलं.

पाठवणार, शामराव. विषय, माझा मित्र.

फ्रिजशेजारचा पंखा घरघरत होता.

"काका, हे आम्हाला मिळालंच नाही."

"मले वाटलं, वाचून सोडून दिलं तुम्ही." शामराव पडद्याकडे बघूनच बोलत होते. "चार पानं लिहिली होती. तेराव्याले आलो, तर कोणी एका शब्दानं नाही म्हटलं की मिळालं. मग म्हटलं, असो. मोठी माणसं."

"पण अडवलं काहून?" विमलाबाईंनी विचारलं.

पेटी प्रत्येक अडवलेल्या पत्रापुढे कारण लिहून ठेवत असे. गंधालीनं ते वाचलं आणि झटकन तिथं तळवा ठेवला. शामरावांनी तिचा हात शांतपणे बाजूला केला.

पत्रातली चित्रं. दिवे : ४. फुलं : ११. लागू झालेला नियम : शामराव.

त्यांनी ते दोनदा वाचलं. शामराव दिवाकररावांना रोज सकाळी गुलाबाचं चित्र आणि सुप्रभात पाठवत, हे सगळ्या तेलीबांध्याला माहीत होतं. त्याचं पुढं काय होत असे, ते मात्र आज पहिल्यांदा समजत होतं.

"माह्या नावाचा नियम केला त्यानं?"

"काका, मी आत्ता काढून टाकते."

"आन् अकरा वर्षं मले सांगत होता, फूल छान होतं आजचं. रंगासकट सांगत होता." शामरावांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत की काय हे गंधालीला कळेना, म्हणून ती खाली बघत राहिली. "म्हणजे रोज उघडून पाहत होता. आन् पाहून पुन्हा तिथंच ठेवत होता."

"वाच ते पत्र," विमलाबाई गंधालीला म्हणाल्या.

"मी असताना नको," शामराव म्हणाले. "मी जातो. सूचना पोचली असं लिहून घेतो." दारात त्यांनी एक चप्पल घातली आणि थांबले. "तो नियम काढू नको. राहू दे. फक्त रोज उघडून पाहत जा."

मग ती चप्पल काढून ते परत आत आले आणि खुर्चीत बसले.

"चहा टाकता का, वहिनी?"

सोमवारी सकाळी गंधालीनं कप घेऊन अडवलेली पत्रं उघडली. रात्रीतून एकच आलं होतं. पिवळा गुलाब, दोन दिवे, सुप्रभात. पत्ता वडिलांचा होता. तिनं ते चहा संपेपर्यंत पाहिलं आणि तिथंच ठेवलं. मग फोन उचलला.

"काका, फूल छान होतं आजचं," ती म्हणाली. "पिवळं."