पन्नास मीटरवर डावीकडे

अंजूरच्या जनूदादा तऱ्यांचा नेम आजवर एकदाही चुकलेला नाही. त्यांच्या छऱ्याच्या बंदुकीतून सुटलेला छर्रा ठिपक्यावर लागत नाही, असं मात्र रोज होतं. पण दादांच्या हिशेबी त्याला नेम चुकणं म्हणत नाहीत, अन्याय म्हणतात. आणि अन्याय झाला की तो कोणी केला हे लिहून ठेवावं लागतं. म्हणून पाच छर्रे मारून झाले की दादा मिठाईच्या खोक्याचा तो भोकं पडलेला पुठ्ठा काढून आणतात, खिशातलं पेन काढतात आणि कोपऱ्यात गुन्हेगाराचं नाव लिहितात. 'वारा.' 'कंटेनर.' 'सरपंच.' एका पुठ्ठ्यावर 'जावई' असंही आहे. जावई त्या दिवशी पुण्यात होता.

सगळ्यात जास्त पुठ्ठ्यांवर माझं नाव आहे. 'जॉबर.' याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत, म्हणून तर हे लिहायला बसलो.

दादांचे शेलार गावात आठ लूम, म्हणजे यंत्रमाग होते आणि मी तिथे जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम रुसला की त्याला वठणीवर आणणारा माणूस. आयुष्यभर मी पाना फिरवला, आणि माझ्या हातचा स्क्रू कधी आपोआप सुटला नाही. पुढे लूम भंगारात गेले. दादांचं अंजूरचं शेत गोदामांनी घेतलं. दोन गोदामांच्या मधली एक लांबलचक पट्टी तेवढी दादांनी विकली नाही. पट्टीच्या एका टोकाला दादांचं घर, दुसऱ्या टोकाला खाडीच्या बाजूचा उंच मातीचा बांध. रोज सकाळी आठ ते नऊ दादा या पट्टीत गोणपाट अंथरून पालथे पडतात आणि बांधाच्या दिशेने छर्रे सोडतात. वय सदुसष्ट.

"मी हाय तिथंच हाय. सरकली ती दुनिया." हे दादांचं ठेवणीतलं वाक्य. बँकेत सही जुळली नाही तेव्हा त्यांनी कारकुनाला हेच ऐकवलं. आमटीत मीठ जास्त पडलं तरी हेच. बंदुकीच्या बाबतीत तर हे वाक्य म्हणजे कायदाच झालं होतं.

झालं असं, की दादांनी कल्याणच्या एका दुकानातून बंदुकीवर बसवायची दुर्बीण आणली. ती मी बसवली. वीस मीटरवर पुठ्ठा लावला तर पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे लागले. दादांनी माझी पाठ थोपटली, चहा पाजला. मग पुठ्ठा पन्नास मीटरवर नेला. पाचही छर्रे चार बोटं डावीकडे. पुन्हा पाच मारले, पुन्हा डावीकडे. दादांनी पेन काढलं आणि माझ्याकडे बघत माझं नाव लिहिलं. चहा पोटात गरम होता तोवर!

मला सांगा, हा कुठला न्याय? स्क्रू सैल असता तर छर्रे चहूकडे गेले असते. हे सगळे एकाच जागी जात होते, फक्त चुकीच्या. मी दादांना तसं समजावलं. त्यावर दादा म्हणाले, "मग तू येकाच जागी चुकलास."

इथून पुढे दोन महिने आम्ही दोष शोधत होतो. वाऱ्याचा संशय आला, म्हणून मी सुताचा धागा बांधलेली काठी पट्टीत रोवली. धागा मेल्यासारखा लोंबत राहिला, छर्रे डावीकडेच गेले. छऱ्यांचा संशय आला, म्हणून दादांनी एकेक छर्रा आरशावर घरंगळवून वाकडे-सरळ निवडले. कंटेनरमुळे जमीन हादरते म्हणून गोदामाच्या सुटीच्या दिवशी मारून पाहिलं. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला एक कडं असतं, ते अंतराप्रमाणे फिरवलं नाही तर डोळा हलला की आतल्या रेघाही हलल्यासारख्या दिसतात. तेही फिरवून झालं. शेवटी दादांनी घरातली जुनी गुलाबी नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक स्क्रूवर अशी रेघ मारली, की स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटावी. म्हणजे माझ्यावर पहारा! मी अपमान गिळला. रेघ तसूभर हलली नाही, तरी पुठ्ठ्यावर नाव माझंच.

मग दादांनी दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर, कारण दादा डाव्या कानाने ठार बहिरे आहेत. लूमच्या गल्लीत वीस वर्षं तो कान यंत्रांकडे करून उभे राहिले, त्याची ही बक्षिसी. उजवा कान मात्र तिखट.

दुकानदार म्हणाला, "चाचा, दुर्बीन एकदम ओके है. आप अपनी आँख चेक करवाओ."

दादा ताडकन उभे राहिले. "मेरी आँख? अरे, खाडी के उस पार का बगळा दिखता है मेरे को! तू रविवार को इधर आ. तेरे हात से मार. दोष माज्यात निकला ना, तो ये बंदूक तेरे को फुकट देता मैं. फिर कभी छर्रे को हात नहीं लगाऊंगा. आई एकवीरेची शप्पत!"

"आता हूँ," दुकानदार म्हणाला. त्यालाही राग आला होता.

दादांनी एकवीरेची शपथ एकदाच घेतली होती, तंबाखू सोडताना, आणि ती अशी पाळली की आजही कोणी शेजारी तंबाखू मळली तर उठून जातात. बंदूक गेली तर ती कायमची जाणार होती. आणि ती बंदूक म्हणजे या माणसाकडे उरलेला दिवसातला एक तास होता. दोन वर्षांपूर्वी वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बाई ठेवून पाहिली, पण वहिनी परक्या हातचं जेवेनात. तेव्हापासून अंघोळ, जेवण, औषध, वेणी, सगळं दादा करतात. हळदी-लग्नाला जात नाहीत, जत्रेला जात नाहीत. सकाळी वहिनींची औषधं झाली की त्यांना एक डुलकी लागते, तेवढ्यात हे गोणपाटावर. तो तास त्या दुकानदाराच्या पिशवीतून कल्याणला जाणार, या विचाराने मला झोप येईना.

शनिवारी मी गवंड्याकडून वीतभर लांबीची पाणसळ मागून आणली आणि चिकटपट्टीने दुर्बिणीवर आडवी बसवली. लूम बसवताना आम्ही हेच करतो. तिरका बसलेला लूम हातभर कापडात चोरी पकडू देत नाही, ताग्याच्या शेवटी उघडा पडतो. बंदूक हातात धरली तेव्हा पाणसळीतला बुडबुडा मधोमध होता. दादा पालथे पडले, गाल दस्त्याला लावला, आणि बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला.

"दादा, बंदूक डावीकडे कलतेय!" मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडलो.

"जमीन कलतीय. मी हाय तिथंच हाय."

"तुमचं डोकं कलतंय. गाल पुरता टेकवा ना. उजवा कान वर कशाला काढताय?"

"मना शिकवू नको! तुजा स्क्रू बग आधी!"

मी संतापून काही बोलणार, एवढ्यात दादा बंदूक ठेवून उठले आणि घराकडे धावत सुटले. मला काही ऐकू आलं नव्हतं. मागच्या रस्त्यावर कंटेनर घरघरत होते. मीही धावलो. आत वहिनी पलंगावर जाग्या होत्या, डाव्या हातात चमचा, पुढ्यात स्टीलची वाटी. त्यांनी चमचा वाटीवर पुन्हा हळूच वाजवला, किण्ण. त्यांना कूस बदलायची होती. दादांनी एक हात पाठीखाली घातला, उशी फिरवली, कपाळावरचे केस मागे केले. "हाय ना मी," एवढंच म्हणाले.

मी ओट्यावर येऊन बसलो. किती वेळा मी दादांना म्हटलं होतं, इतक्या लांब उन्हात कशाला झोपता, सावलीत ओट्यावरून मारा. बंदुकीच्या फटक्याने वहिनी दचकतात, म्हणून हा माणूस घरापासून चाळीस पावलं दूर जाऊन पडतो. आणि दूर गेलं की वाटी ऐकू येत नाही, म्हणून एकुलता एक चालू कान घराकडे उचलून धरतो. डोकं कलतं, डोक्याबरोबर बंदूक कलते. वीस मीटरवर ते कळत नाही. पन्नासवर चार बोटं दिसतात. मला इतकी लाज वाटली, की दोन महिन्यांचा सगळा राग कुठे ठेवावा ते कळेना.

दोष माणसातच होता. म्हणजे दुकानदार खरा, आणि बंदूक त्याची.

रविवारी दुकानदार यायच्या आधी मी पोचलो. दादा आत वहिनींना पेज भरवत होते. मी खिशातला पाना काढला आणि दुर्बिणीचा मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. गुलाबी रेघ तुटली. अख्ख्या जन्मात चांगला कसलेला स्क्रू मी मुद्दाम कधी सैल केला नव्हता.

दुकानदार आला, गोणपाटावर ऐटीत पडला आणि पाच छर्रे मारले. एक वर, एक उजवीकडे, एक पुठ्ठ्याच्या काठावर, दोन बांधात. तो चरकला. बंदूक उलटीसुलटी केली आणि त्याला तुटलेली रेघ दिसली.

"ये देखो चाचा, स्क्रू घूम गया है. आपकी गलती नहीं, दुर्बीन की भी नहीं. फिटिंग किसने किया?"

दादा माझ्याकडे वळले. पुढचं सगळं छापण्यासारखं नाही. "जॉबर म्हणवतोस सोताला? आठ लूम तुज्या हातात दिलं व्हतं मी! आठ!" हे त्यातल्या त्यात सभ्य. दुकानदारानेही मान हलवत मला दोन सुनावले, तेही माझ्याच पान्याने स्क्रू कसत. मग त्याने पुन्हा पाच मारले, पाचही ठिपक्यावर, आणि दादांना सलाम करून कल्याणला गेला. मी मान खाली घालून उभा होतो. अंगाची आग होत होती आणि बंदूक दादांच्या खांद्यावर होती.

जाताना मी म्हटलं, "दादा, माझ्या चुकीची भरपाई म्हणून उद्यापासून आठ ते नऊ मी वहिनींजवळ बसतो. वाटी वाजली तर मी आहे. तुम्ही गाल टेकवून निवांत मारा."

वाटीचं मला कसं कळलं, असं दादांनी विचारलं नाही. "ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसलो. वहिनी जाग्या होत्या. खिडकीतून पट्टी दिसत होती. दादा पडले, बंदूक घेतली, गाल दस्त्याला पुरता टेकवला. मी मनात म्हटलं, आता बघा माझं काम. क्षणभर डोकं तसंच राहिलं. मग ते हळूहळू वर आलं, कललं, आणि उजवा कान घराकडे झाला. इथे मी बसलोय, भला थोरला माणूस, दोन्ही कान शाबूत, तरी! मला राग आला. मी वहिनींकडे पाहिलं. त्याही खिडकीतून तेच बघत होत्या, आणि चमचा त्यांनी घट्ट मुठीत धरला होता, वाजू नये म्हणून.

नऊ वाजता दादा तणतणत आत आले आणि वहिनींजवळ पलंगावर बसले. "परत डावीकडं! चार बोटं! या जॉबरनं वाट लावली बग."

वहिनी अर्ध्या तोंडाने हसल्या.

"हो दादा," मी म्हटलं, "माझंच चुकलं."