सिनेमातून गाळलेली स्वयंपाकीण

आमचे शेजारी हरिभाऊ सिनेमाला जाताना कादंबरी आणि बॅटरी घेऊन जात. अंधारात पुस्तक मांडीवर उघडायचं, त्यावर बॅटरीचा झोत टाकायचा, मग एक डोळा पानावर आणि एक पडद्यावर. मागचे लोक ओरडत. हरिभाऊ मान न वळवता म्हणत, "पुस्तकात असं नाही."

पुस्तक नेहमी एकाच जुन्या इंग्रज कादंबरीकाराचं. मुंबईत कॉलेजात असताना लागलेलं हे वेड डहाणूला परतून चिकूची वाडी सांभाळायला लागल्यावरही उतरलं नाही. त्याच्या कादंबरीवर सिनेमा निघाला की हरिभाऊ गाडी पकडून मुंबईला जात, आणि परत येत ते कुणाशी तरी भांडून आल्यासारखे. एका सिनेमात नायकाची भावंडंच गाळलेली. दुसऱ्यात, कादंबरीत मेलेली नायिका शेवटी बागेत हसत उभी. हिंदीवाल्यांनी तर न विचारता कथा उचलली आणि वकिलाला भर कोर्टात गाणं म्हणायला लावलं. "आठशे पानं त्या माणसाने काय हात शिवशिवत होते म्हणून लिहिली?" असं ते आमच्या ओट्यावर बसून माझ्या वडिलांना खडसावत. वडिलांनी त्यातलं एक पानही वाचलेलं नव्हतं, तरी ते खाली मान घालून बसत.

मला हरिभाऊंचा भयंकर राग यायचा. मी तेव्हा सतरा-अठराची, इंग्रजीत पुन्हा पुन्हा नापास, आणि सिनेमा आपल्याला सगळ्या डहाणूपेक्षा जास्त कळतो अशी माझी खात्री. कळतो म्हणजे काय, तर नायकाचे केस कसे वळवले आहेत ते कळतं.

हरिभाऊंची थोरली बहीण जिजी. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आली, आणि आई गेल्यावर हरिभाऊंना तिनेच वाढवलं. त्यांचं लग्न झालंच नाही, त्यामुळे घरात दोघंच. संध्याकाळी हरिभाऊ तिला त्या कादंबऱ्या मराठीत करून सांगत. मीही जाऊन बसे, अर्थात नायकासाठी. जिजीचा जीव मात्र एका खानावळीच्या स्वयंपाकिणीवर. अनाथ नायक उपाशीपोटी लंडनला येतो, तेव्हा ही बाई त्याला हिवाळाभर चुलीपाशी निजवते, आपल्या ताटातलं खायला घालते. तिसऱ्या भागात तो मार्गाला लागतो, निघून जातो, आणि बाई कथेतून नाहीशी होते.

"मग तिचं काय झालं?" जिजी दर वेळी विचारायची. हरिभाऊ पानं चाळायचे आणि तिच्यावरच चिडायचे, की काही नाही झालं, तिचं पुढे काही नाही.

एका वर्षी भातकापणी झाल्यावर स्टेशनाजवळच्या शेतात सिनेमाचा तंबू पडला आणि नेमका त्याच कादंबरीचा सिनेमा आला. मालक वापीकडचा गुजराती. त्याला धास्ती, की झाईहून नि तलासरीहून आलेले लोक इंग्रजी ऐकून पैसे परत मागतील. म्हणून त्याने हरिभाऊंना माईकवर बसून गोष्ट समजावून सांगायची गळ घातली. जिजी जन्मात सिनेमाला गेली नव्हती. विधवेने तंबूत जाऊन बसायचं, हे तिला पटतच नव्हतं. पण या वेळी म्हणाली, "ती बाई दिसेल ना रे? मग येते. तोंड बघून येते तिचं."

दिसेल, म्हणाले हरिभाऊ. हा एक सिनेमा त्यांचा मुंबईत हुकला होता, त्यांनी तो पाहिलेला नव्हता.

बायकांच्या बाजूला मी जिजीला खेटून बसले. नायक लंडनला उतरला. आता खानावळ येणार म्हणून जिजीने पदर सावरला. नायक सरळ एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात शिरला. माईक गप्प झाला.

मग हरिभाऊंचा आवाज आला, रागाने घोगरा झालेला. इथे एक खानावळ होती, ती या लोकांनी गाळली आहे. गाळली तर गाळली, आम्ही सांगतो. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पडद्यावर नायकाने नायिकेचा हात हातात घेतलेला, आणि माईकवर पाव कापणं चाललंय, चुलीत लाकूड सारणं चाललंय. माझ्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. मालक त्यांची बाही ओढत होता, त्याला त्यांनी झिडकारलं.

झाईची एक मासळीवाली ओरडली, "अवो भाऊ, ती बाय दिसत नाय कुठं."

"दारामागे आहे," हरिभाऊ म्हणाले. "फोटो काढणाऱ्याला दिसली नाही."

शेवटी नायक-नायिका घोडागाडीत बसून निघाले. हरिभाऊ म्हणाले, आता ही गाडी खानावळीकडे चालली आहे. तो मोठा माणूस झालाय, तिला कायमची घरी न्यायला चाललाय.

मासळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ताडकन उभी राहिले. पुस्तकाचा एवढा मोठा कैवारी आणि भर तंबूत थाप. आज सगळ्यांदेखत पकडायचाच. तेवढ्यात जिजीने माझा पदर धरून मला खाली खेचलं. "बस गं," म्हणाली. पडद्यावर काहीच उरलं नव्हतं, तरी ती तिकडेच बघत होती.

घरी जाताना हरिभाऊ आणि जिजी पुढे, मी आणि पुरुषांच्या बाजूला बसलेले वडील मागे. वाडीच्या फाटकाच्या झापाशी आल्यावर जिजी म्हणाली, "हरी, ती तर तिसऱ्या भागानंतर येतच नाही ना रे?"

हरिभाऊ झाप उघडून, तो हाताने धरून, तिला आधी जाऊ देत उभे राहिले.

"त्याचं लिहायचं राहून गेलं असेल," ते म्हणाले.