डिग्रीआप्पा आनी गार हवेचा डबा

ओवी रडायची थांबली आनी मला बरं वाटलं, हीच माझी चूक. वाटलं झोपली. मी ओट्यापाशी पीठ मळत हुते, मागं वळून झोळीत बगितलं तर पोरीचं तोंड लालबुंद, ओठ सुकलेलं, आनी एक हात असा लोंबतोय जसा काय तिचा न्हायच. हाक मारली. डोळं अर्धं उघडलं, परत मिटलं. पाच महिन्याचं पोर. मला काय सुचंना. दार ओढलं तर दार निघंना, कारण फटीत मीच सकाळी चिंध्या कोंबलेल्या. त्या उपसल्या, पोरीला छातीशी धरलं आनी जिन्यात येऊन "आप्पा, आप्पा" एवढंच वरडत हुते.

खालच्या खोलीत राहणारं आप्पा वर आलं. एका हातात ताकाचा तांब्या आनी दुसऱ्या हातात थर्मामीटर, त्याच्या टोकावरनं ताक गळतंय. ताकाची डिग्री बगत हुतं म्हणं.

"कुंची काढ," म्हणालं.

माझ्यानं नाडी सुटंना. आप्पांनी तांब्या पायरीवर ठिवला आनी दातानं नाडी तोडली. मोजं काढलं, झबलं काढलं. खाली त्यांच्या खोलीत फरशीवर वला पंचा टाकला, त्यावर ओवीला निजवलं, आनी दुसऱ्या पंच्यानं तिची मान, काखा, जांगा पुसत बसलं. मी म्हटलं बर्फ आणू का. "बर्फ नगं, नळाचं पाणी बास हाय. तू तिला पाज." लई वेळानं तिनं तोंड लावलं आनी ओढाय लागली, तवा मला रडू आलं. मग रिक्षानं दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी तपासलं, म्हणाल्या वेळंत भाईर काढली म्हणून निभावलं, आनी मग मला इचारलं, मे महिन्यात पोरीला कुंची कशापायी?

त्यास्नी काय सांगू. एसीचं गार लागंल म्हणून घातलती.

आमची खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा. शिवाजी पेठंत अशा खोल्या लई. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली भाकरी थापून ठिवली तर तव्याबिगर भाजंल. ओवीच्या अंगभर घामोळं, रात्री पत्रा निवला की झोपायची, पण दुपारभर नुसती किंचाळायची. मोबाईलवर सारखी जाहिरात यायची. एक बाई स्वेटर घालून बसलीया, समोर टिफिनएवढा डबा, त्यातनं पांढरं धुकं निघतंय. पाणी घाला, बटण दाबा, पाच मिंटात खोली थंड. पोर्टेबल एसी. बारशाला आईनं हातात दिलेलं पैसं हुतं, मी मालकास्नी, म्हंजी ओवीच्या बापास्नी, न सांगता मागवला. डब्यावर काय लिवलंय ते काय मला समदं वाचाय आलं न्हाय, पण एवढं म्हाईत हुतं की एसी लावला की दारं-खिडक्या बंद ठिवायच्या, दुकानात तसंच असतंय. म्हणून खिडकी लावली. पत्र्याखालनं वारं यायची फट हुती, तिच्यात आनी दाराच्या फटीत गोधडीचं तुकडं कोंबलं. आनी गावाकडनं, गारगोटीवरनं, सासूबाईंचा रोज फोन, पोरीच्या कानाला वारं लागू दिऊ नगंस. मग कुंची, वर मोजं. एवढं समदं मी पोरीच्या काळजीनं केलं, बगा.

दवाखान्यातनं आल्यावर आप्पा म्हणालं, पोरीला खालीच ठेव, मी वर जाऊन येतो. दार परत बंद करून, डबा चालू करून, अर्धा तास आत बसलं. सत्तरीचा माणूस. भाईर आलं तवा सदरा पिळून काढावा असा.

"आत बेचाळीस," म्हणालं. "भाईर एकुनचाळीस. बंद दारानं आनी तुझ्या एसीनं खोली तीन डिग्रीनं वर न्हेली. आनी वाफ किती झालीया, भितीला हात लावून बग."

मी म्हटलं, पण आप्पा, समोर तोंड धरलं की गार लागत हुतं की.

"लागंल की. वल्या फडक्यावर फुकर मारली तरी लागतंय. एसी म्हंजी काय? आतली गरमी उचलायची आनी भाईर न्हेऊन टाकायची. ह्येच्यात भाईर टाकायचं भोक कुठं हाय, दाव मला."

मी डबा फिरवून फिरवून बगितला. भोक नव्हतं.

तर ह्ये आमचं डिग्रीआप्पा. दहावीबी झालेलं न्हाय, तरी पेठंत समदी डिग्रीआप्पाच म्हणत्यात. कोडोलीकडं एका दूध थंड करायच्या सेंटरवर त्यांनी समदी नोकरी काढली. गावागावचं दूध कॅनमधनं यायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा, चार डिग्रीवर आलं की पुढं सोडायचं. येवढंच काम, पण तीस-बत्तीस वर्सं. रिटायर झालं तवा साहेबांनी नारळ आनी शाल दिली. आप्पांनी शाल कुणाला तरी दिऊन टाकली आनी थर्मामीटर मागून घेतला. लांब काचंचा, नळीसारखा, पत्र्याच्या म्यानात घालून बंडीच्या खिशात. पेन ठिवावं तसा.

त्यांचं म्हणणं एकच. "माणूस बोलतंय, काच सांगती." कोणबी काय म्हणू दे, आज लई उकडतंय, चहा गार झाला, पोराला ताप हाय, आप्पांचा हात खिशाकडं. अंघोळीचं पाणी बगितल्याशिवाय अंगावर घ्यायचं न्हाईत. तालमीतल्या पोरांच्या थंडाईत एकदा थर्मामीटर घातला तर वस्ताद भडकलं. आप्पा म्हणालं, "वस्ताद, सतरा डिग्री हाय. ह्याला थंडाई म्हणायचं का सरबत, तुमीच ठरवा." वस्तादांनी दुसऱ्या दिवशी बर्फ वाढवला, आनी आप्पास्नी एक पेला पाठवून दिला.

एका लग्नात तर पंगत बसलेली, पांढरा रस्सा वाढला, आनी आप्पांनी वाटीत नळी घातली. "एकाहत्तर. जीभ भाजंल. पावणं, दोन मिंटं थांबा." आनी खरंच, समदी ओळ हात मांडीवर ठिऊन बसली. नवरदेवाचा चुलता आला आनी म्हणतोय, काय झालं, मीठ कमी हाय का? कुणी तरी सांगितलं, मीठ बरोबर हाय, आप्पांची डिग्री अजून खाली आली न्हाय.

मी नवीन लगीन हून आले तवा मला त्यांची भीतीच वाटायची. आमच्या दारात येऊन म्हणालतं, "सूनबाई, तुमच्या माठात बोटभर बगू का?" मी मालकास्नी म्हटलं, खालचा म्हातारा जरा सटकलाय का. मालक म्हणालं, सटकलाय पण खोटं बोलत न्हाय.

त्या डब्याच्या जाहिराती लई चालल्या तवा आप्पांनी तर धंदाच लावला. कुणीबी मागवला की आप्पास्नी बोलावणं. आप्पा आपलं पाटावर बसायचं, अर्धा तास, नजर थर्मामीटरवर. मग निकाल. "ह्यो कूलरचा पोरगा हाय. खिडकी उघडी टाकून जवळ बसला तर बरं वाटंल. एसी म्हणू नगा." आमच्या कोपऱ्यावरच्या एका काकूंचा तर वादच झाला. त्या म्हणाल्या, जाहिरातीत बाई स्वेटर घालून बसलीया की. आप्पा म्हणालं, "स्वेटर तिनं घातलाय, डब्यानं न्हाय घातला."

मोठ्या दुकानातबी जाऊन आलं. तिथं खरा पोर्टेबल एसी हुता, कमरंएवढा, खाली चाकं, मागं हत्तीच्या सोंडंगत पाईप. तो खिडकीतनं भाईर काढायचा. दुकानातल्या पोरीला इचारलं, "गरमी कुठं जाती?" ती म्हणाली, सर, पाईपातनं बाहेर जाते. आप्पास्नी तवा एवढा आनंद झाला म्हणं, की तिला म्हणालं, "शाबास. पंधरा दुकानं फिरलो, तू पहिली." मग पाईपाला हात लावून बगितला, तर पाईपच तापलेला. "ह्योबी अर्धी गरमी वाटंतच सांडतोय," म्हणालं. "भितीवर बसवायचा तो बराच बरा. पण भाड्याच्या खोलीला, जिथं भित फोडू देत न्हाईत, तिथं ह्यो चालंल. खिडकीची फट नीट बुजवली तर. आनी आवाज सोसला तर." पेठंत समद्यास्नी त्यांनी ह्येच सांगितलं, कमी न्हाय जास्त न्हाय.

त्या दिसापासनं दुपारी बारा वाजलं की मी ओवीला घेऊन खाली आप्पांच्या खोलीत. खालची खोली मातीच्या जाड भितीची, शहाबादी फरशी, तिथं बत्तीसच्या वर पारा जात न्हाय. पहिल्या दिवशी गेले तर तुळईला झोळी बांधून तयार. हिरवी इरकल साडी, मऊ झालेली. मी म्हटलं, ही कुणाची? म्हणालं, "आमच्या हिची. नुसतीच पेटीत पडलीती." आक्का, म्हंजी त्यांची बायको, जाऊन तीन वर्सं झाली. त्यास्नी मूलबाळ न्हाय. मी ओवीला तिच्यात निजवलं.

ओवीला ते म्याडम म्हणायचं. झोळीच्या दोरीला थर्मामीटर अडकवायचा आनी दर तासाला तिला सांगायचं, "म्याडम, एकतीस. तुमची काय तक्रार?" ती हसायची. आधी दुपारी आप्पा घरात थांबायचंच न्हाईत, म्हणं कोपऱ्यावरच्या दूध डेअरीच्या बाकड्यावर जाऊन बसायचं, लोकांच्या किटल्या बगत. आता डेअरीवाला मला इचारतोय, आप्पा आजारी हाईत का? मला झोप लागायची तिथं, बाळंतपणानंतर पहिल्यांदा नीट. जागी झाले की ऐकू यायचं, आप्पा हळू आवाजात पोरीला कोडोलीच्या सेंटरवरचं सांगतायत, कुठल्या गावचं दूध कधी फाटलं ते.

पण मालकांच्या डोक्यातनं तो दिवस जाईना. फौंड्रीत भट्टीपुढं काम करत्यात, दिवसभर डोळ्यापुढं तेच. म्हणायचं, आप्पा किती दिस पुरणार? एकदा गावाला गेलं तर? पडलं-झडलं तर? पोर परत त्या पत्र्याखालीच ना? खरं हुतं. आजबी दुपारी ओवी गप झाली की मी बोट न्हेऊन तिच्या नाकाला लावून बगते.

तर एका रविवारी त्यांनी फौंड्रीतल्या दोस्ताचा तो सोंडंचा एसी टेम्पोतनं आणला. दोस्ताची बदली झालीती, त्याला काढायचा हुता, म्हणाला एक दिवस लावून बगा, पटला तर ठिवा. मालक म्हणालं, आप्पा सांगतील तसं. आप्पा जे म्हणतील ते शेवटचं.

आप्पा वर आलं. पाईप स्वतः बसवला, खिडकीला पुठ्ठा कापून लावला, फटीला चिकटपट्टी. भर दुपारी एक वाजता चालू केला. थर्मामीटर झोळीच्या दोरीला. ओवी माझ्या मांडीवर. मालक जिन्यात, सारखं दार उघडलं तर गार जाईल म्हणून भाईर उभं.

तासाभरानं मी बगितलं. मला आता पारा वाचाय येतोय, आप्पांनीच शिकवलाय. तीस. आमच्या खोलीत, दुपारी दोनला, पत्र्याखाली तीस. ओवीचा घाम वाळला हुता. मी आप्पांकडं बगितलं. त्यांनीबी बगितलं हुतं. लई वेळ बगत हुतं. मग ओवीकडं बगितलं.

तवाच मालकांनी भाईरनं हाक मारली, "आप्पा, पारा काय म्हणतोय?"

आप्पांनी थर्मामीटर दोरीवरनं काढला आनी खालचा पाऱ्याचा फुगा मुठीत धरला. फुगा कधी हातात धरत न्हाईत, हाताची गरमी चढती, ह्ये तीस वर्सं कॅनमधी नळी घालणाऱ्या माणसाला सांगाय लागत न्हाय. मूठ घट्ट केली. तसंच उभं राहिलं, भितीकडं तोंड करून. मी त्यांच्या बोटांकडं बगत हुते, ती पांढरी पडलीती. मग दार उघडलं आनी मालकांच्या हातात नळी दिली.

"तूच वाच."

मालकांनी उजेडात धरून वाचलं. "पस्तीस."

"माघारी पाठव," आप्पा म्हणालं. आवाज बारीक. "ह्या पत्र्यापुढं ह्येचं काय चालणार न्हाय."

मालकांचं तोंड उतरलं. त्यांनी माझ्याकडं बगितलं. "तुला काय वाटतंय गं? तू आत हुतीस. गार वाटत हुतं का?"

आप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाठमोरं थांबलं. खाली गेलं न्हाईत, वळलंबी न्हाईत.

मला पोरीचा तो लोंबलेला हात दिसत हुता. आनी ती हिरवी इरकल. मी म्हटलं, "न्हाय. उकडतच हुतं."

एसी संध्याकाळी माघारी गेला. दुसऱ्या दिवशी बाराला मी ओवीला घेऊन खाली गेले तर दार आधीच उघडं हुतं, फरशी पुसलेली. आप्पांनी म्याडमला आकडा सांगितला न्हाय. थर्मामीटर दोरीला नव्हता, खिशातबी नव्हता. नुसतं झोळी हालवत बसलं.

मी मालकास्नी अजून सांगितलं न्हाय. पोरीच्या जिवाशी मी खेळले का? का एका माणसाला जगाय एक दुपार दिली? तुमी असता, मांडीवर पाच महिन्याचं पोर घेऊन, तर तवा मालकास्नी काय सांगितलं असतं?