सकुबाईंना गाडी लागते

वैशाखऱ्याच्या सकुबाईंना गाडी लागते हे अर्ध्या मुरबाड तालुक्याला ठाऊक होतं. एसटी असो की जीप, पुढचा फाटा यायच्या आत बाईंच्या पोटातलं सगळं बाहेर. म्हणून त्या कुठं जातच नसत. आणि नेमकं त्यांच्याच मुलाशी मुरबाडच्या पंढरीच्या मुलीचं, हर्षालीचं जमत आलं होतं. पोरं एकमेकांना पसंत, पण सकुबाईंनी अडवून धरलेलं. "पोरीचं घर माझ्या डोल्यांनी बघीन, मंगच हो म्हनीन." घर मुरबाडला, बाई वैशाखऱ्याला, आणि मध्ये बाईंचं पोट. हर्षाली बिचारी ताटावर बसून नुसता भात चिवडायची.

"मी सोता आनतो त्यांना," पंढरीनं जाहीर केलं. "आपल्या गाडीत पोटातलं पानी हालनार नाय."

"आन तो पिवला दिवा?" त्याची बायको प्रेमा म्हणाली.

तो बिघाडाचा दिवा पंढरीच्या सेकंडहँड गाडीत स्टिअरिंगमागे कधीचा पेटलेला होता. गाडी विलायती कंपनीची. शोरूमवाले तिला आठवडाभर ठेवून घेणार आणि वर इंग्रजीत बोलणार, हे पंढरीला मंजूर नव्हतं. त्यानं शहापूरच्या मेकॅनिक अनंताला गाठलं. अनंतानं कुठून तरी शोरूमवाल्यांचंच सॉफ्टवेअर पैदा करून लॅपटॉपमध्ये घातलं होतं.

"हे फक्त डीलरकडं असतं," लॅपटॉप देताना अनंतानं बजावलं. "दिवा घालव आन बंद कर. बाकी कशाला हात लावू नको."

असं सांगितल्यावर हात न लावेल तो पंढरी कसला. त्यानं अंगणात गाडीच्या पोटात वायर खुपसली, दोन-तीन बटणं दाबली आणि दिवा खरंच गेला. मग गडी सुटला. एकेक पान उघडत खाली गेला आणि एका ओळीवर थबकला. 'ट्रान्सपोर्ट मोड: बंद.'

"बघ गो," तो प्रेमाला म्हणाला. "आरटीओनं माझ्या लायसनवर ट्रान्सपोर्ट मारून दिलाय, आन गाडीत बंद. पावन्यांना आनायचं म्हंजे ट्रान्सपोर्टच ना?"

"मला काय ठाव. पर तुमी नका हात लावू."

पंढरीनं चालू केला.

सकाळी गाडी निघाली ती मुकी होऊन. एसी नाही, टेप नाही, हॉर्नसुद्धा नाही. पाय पार तळाला टेकवला तरी काटा वीसच्या पुढं सरकेना. लॅपटॉपची बॅटरी संपलेली आणि मुरबाडात लोडशेडिंग. थांबावं तर सकुबाई तयार होऊन बसलेल्या, आज नाही तर परत कधीच नाही. पंढरी तसाच निघाला आणि सरळगावच्या पुढं त्यानं अनंताला फोन लावला.

"ट्रान्सपोर्ट चालू केलास?" अनंता कपाळ बडवतच बोलत असावा. "येड्या, नवी गाडी बोटीवर चढवताना लावतात तो. कोनी पळवू नये म्हनून. तुझ्या गाडीला वाटतंय ती बोटीनं चाललीय. मी घरी जाऊन बसतो तुझ्या. तू ये कसातरी."

वैशाखऱ्याला सकुबाई हातात लिंबू आणि मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसल्या. गाडी वीसनं निघाली. म्हशाच्या जत्रेचे दिवस, तिथल्या बैलबाजाराला निघालेले रस्ताभर बैलच बैल. हॉर्न नसल्यामुळे पंढरी खिडकीतून मुंडकं काढून "सरा रे, सरा" ओरडत होता. मागून ट्रकवाले त्याच्या आईचा उद्धार करत पुढं जात होते. टोकावड्याला गर्दीत गाडी अडली तेव्हा तर एक बैलजोडीच पुढं गेली. तिच्या मालकानं आत डोकावून आपुलकीनं विचारलं, "गाडी इकायला नेता काय म्हशाला?"

"नाय," पंढरी म्हणाला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. पोरीचं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

घरी पोचेतो दुपार झाली. वीज आली होती. अनंता लॅपटॉप घेऊन तडक गाडीत शिरला. प्रेमा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, हर्षाली दाराआड. सकुबाई उतरल्या, पायावर पाणी घेतलं आणि हातातली पिशवी उलटी करून झटकली. कोरडी.

"या ना, घर बघा," पंढरी कसाबसा म्हणाला.

"घर काय बघायचा? घरा सगल्यांची सारखीच," सकुबाई ओटीवर टेकत म्हणाल्या. "आमच्या घरच्यांनी कदी माझ्यासाठी गाडी हलू हाकली नाय. ह्या बाबानं सगल्या रस्त्याच्या शिव्या खाल्ल्या, पर गाडी पलवली नाय. ज्याच्या घरात दुसऱ्याच्या जिवाची एवढी कालजी, तिथली पोर मला पायजे. आन व्याही, साखरपुड्याला, हलदीला, लग्नाला मी याच गाडीत येनार. अशीच हाकायची."

'व्याही' ऐकलं आणि पंढरीचे डोळे भरून आले. दाराआड हर्षालीची बांगडी वाजली.

तेवढ्यात अनंता हात झटकत आला. "काढला रे ट्रान्सपोर्ट. आता पळव शंभरनं."

पंढरीनं त्याला दंडाला धरून गाडीमागं नेलं. "परत लाव."

"काय?"

"लाव म्हनतो ना. लगीन होईस्तोवर."

चहा घेऊन आलेली प्रेमा तिथंच थांबली होती. "लगीन झाल्यावरबी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मलाबी गाडी लागते. पदर तोंडात कोंबून बसते मी मागं. तुमी कदी वलून बघितलाच नाय."

पंढरीनं तिच्या हातातला चहा घेऊन डिकीवर ठेवला. मग अनंताला हळूच म्हणाला, "कायमचाच लाव."