भाई मयेकर आणि परतीचा माल

नारळ कानाशी हलवून घेणारी माणसं आमच्या रत्नागिरीत घरोघरी सापडतील. पण देवापुढे फोडलेला नारळ नासका निघाला म्हणून त्याची दोन्ही भकलं घेऊन तडक दुकानात परत गेलेला माणूस मी एकच पाहिला. भाई मयेकर.

दुकानदार हात जोडून म्हणाला, "भाई, नारळ नासका निघणं चांगलं असतं. देवाला पावला तो!"

"देवाला पावला ना? मग पैसे त्याच्याकडून घे. मला दुसरा दे."

आणि दुसरा नारळ घेऊनच ते परतले.

भाई आमचे मांडवीतले शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, तेवढीच काय ती सरहद्द. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटींवर स्टोअरकीपर म्हणून काढली. बंदरात बटाट्यापासून दोरखंडापर्यंत जे जे चढेल ते बघायचं, हुंगायचं, तपासायचं आणि मगच सही करायची, हे त्यांचं काम. "बाई, एकदा सही केली नि बोट सुटली, की पुढे तक्रार ऐकायला फक्त मासे," असं ते मला सांगत. मी शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची बाई.

निवृत्त होऊन घरी आले तरी भाई बोटीवरून काही उतरले नाहीत. भाई पिशवी घेऊन येताना दिसले की मासळीबाजारातल्या बायका टोपल्या झाकायच्या. एकदा त्यांनी बांगडे परत नेले तेव्हा कोळीण म्हणाली, "सकाळी डोळे कसे चकचकीत होते त्यांचे!"

"माझेपण होते. तुझे बांगडे बघून गेले."

शिंप्याकडची विजार चार दिवस घालून, बसून, उठून, जिना चढून परत जायची. कापलेले केस परत करता येत नाहीत म्हणून बरं, नाहीतर न्हाव्यालाही दुकान बंद करावं लागलं असतं.

या सगळ्यात सुमनकाकी कधी मध्ये पडल्या नाहीत. भाई वर्षाचे नऊ-दहा महिने समुद्रावर, तेव्हा घर, सासूबाई, मुलगी नयना, सगळं काकींनी एकटीनं ओढलं. आता नयना लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि घरात दोघंच होती. मूळच्याच कमी बोलणाऱ्या काकींना एका पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि होतं तेवढं बोलणंही गेलं. उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. काकी तो हातात धरायच्या, भाईंची पाठ वळली की सोडून द्यायच्या. चेंडू घरंगळत आमच्या गडग्यापाशी यायचा आणि मी तो परत द्यायची.

त्याच सुमारास आमच्या घरी इंटरनेट आलं. तिथे दुकान न बघता वस्तू मागवता येते हे ऐकून भाई आधी हसले, मग चिडले आणि मग माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मी 'मान्य' या शब्दावर टिचकी मारणार एवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांबा! काय मान्य केलंत?"

"त्यांच्या अटी, भाई. कुणी वाचत नाही त्या."

"म्हणूनच लिहितात!"

मग चष्मा लावून त्यांनी पानंच्या पानं वाचली. मी भात लावून आले, वरण फोडणीला टाकून आले, भाई आपले वाचतायत. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. माल पसंत नसेल तर परत करता येईल आणि पाठवण्याआधी रद्दही करता येईल. त्यांचा चेहरा उजळला. पहिली ऑर्डर त्यांनी फक्त रद्द होते का ते बघायला दिली. रद्द झाली. "उतरायची शिडी कुठे आहे ते बघितल्याशिवाय मी बोटीवर चढत नाही," भाई म्हणाले आणि समाधानानं घरी गेले.

दुसरी ऑर्डर खरी होती. काकींच्या हातासाठी मालिशचं यंत्र. कार्ड नयनाचं, संगणक आमचा. कुरियरवाले शिर्के खोका घेऊन आले तेव्हा भाईंनी त्यांना पडवीत बसवून ठेवलं आणि त्यांच्यादेखत खोका उघडला. आतून निघाला एक बाजा. लहान मुलांचा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, सेलवर चालणारा.

शिर्के घाईघाईनं म्हणाले, "मी फक्त आणतो, भाई."

भाई मात्र रागावले नव्हते. मला वाटतं, ते या क्षणाची वाटच बघत होते.

कंपनीला फोन करताना ते मोबाइल स्पीकरवर ठेवत आणि मला साक्षीदार म्हणून समोर बसवत. दोन-चार खटपटींनंतर मराठी बोलणारी मुलगी मिळाली.

"सर, खोका उघडला असेल तर परत घेता येत नाही."

"न उघडता आत बाजा आहे हे मला कसं कळणार? कान लावून?"

"सर, आमची तशी पॉलिसी आहे."

"तुमची पॉलिसी मी वाचलीय. तुम्ही वाचलीय? चुकीचा माल आला तर काय, ते खालून तिसऱ्या परिच्छेदात आहे. उघडा, मी थांबतो."

पलीकडे बराच वेळ गाणं वाजत राहिलं. भाई मांडी घालून थांबले.

मग पत्रं गेली. जिल्हा ग्राहक मंचात जाण्याचा इशारा गेला. तो मजकूर भाईंनी सांगितला, मी लिहिला आणि त्यातले 'चोर लेकाचे' हे शब्द तेवढे गाळले. बाजा पडवीतल्या टेबलावर ठेवला होता, समोर पुठ्ठ्याची पाटी: 'पुरावा. हात लावू नये.' तो वाजतो हे सिद्ध करायला भाईंनी त्यात पदरचे सेलही घातले होते. "मोडका नाही, चुकीचा आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. कोर्टात जायच्या आधीच त्यांनी सगळ्या आळीपुढे खटला चालवून घेतला.

आणि भाई जिंकले! कंपनीनं चूक कबूल केली. माणूस येऊन बाजा घेऊन जाईल, बदल्यात यंत्र घ्या किंवा पैसे. भाईंनी आळीत पेढे वाटले. पेढे मात्र परत करता येतील असे नव्हते, खाऊन संपले.

बाजा न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शाळेतून घरी येत होते. भाईंच्या पडवीतून सूर ऐकू आले. गणपतीत म्हणतो त्या एका आरतीची चाल होती, मोडकी, अडखळणारी, पण ओळखू येणारी. भाई मासळीची पिशवी घेऊन स्वतःच्याच अंगणात चोरासारखे उभे होते. पडवीत काकी पाटी बाजूला सारून बसल्या होत्या. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी पट्ट्यांवर ठेवला होता आणि एकेक बोट हलवायची धडपड चालली होती.

भाई गडग्यापाशी येऊन कुजबुजले, "बाई, हिला पेटी येते?"

"येते म्हणजे? गणपतीत आरतीला सगळ्या आळीत पेटी काकींचीच असायची. मी सून होऊन आले तेव्हापासून ऐकत होते."

"मी कशी नाही ऐकली?"

"गणपतीत तुम्ही बोटीवर असायचात."

"आणि मी कायमचा आलो, तेव्हा?"

 "तेव्हा तुमचं करण्यातून त्यांना वेळच कुठे राहिला," मी म्हटलं.

 पिशवीतून पाणी ठिबकत होतं, मांजर येऊन पायाशी घोटाळत होतं, तरी भाई तसेच उभे.

दुसऱ्या दिवशी शिर्के आले तेव्हा भाईंनी त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. संध्याकाळी नयनाचा पुण्याहून फोन. "अहो भाई, हा परत देऊन आईसाठी दुसरा चांगला घेऊ ना!"

"दुसरा तो दुसरा. हिचा हात याच्यावर बसलाय."

कंपनीतल्या मुलीचाही फोन आला. सवयीनं भाईंनी मला हाक मारली, सवयीनं मोबाइल स्पीकरवर ठेवला.

"सर, एवढं सगळं केलंत, आणि आता परत देत नाही म्हणता? मालात काय प्रॉब्लेम आहे?"

"माल बरोबर आहे," भाई म्हणाले. "मागवतानाच माझं चुकलं. काय हवंय ते हिला विचारलंच नव्हतं मी."

ती मुलगी गोंधळली. "मग तक्रार बंद करू का, सर?"

"करा."

पडवीत काकी एकाच पट्टीभोवती चाचपडत होत्या. हात दमला होता. भाईंनी फोन माझ्या हातात दिला, खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचं जड झालेलं मनगट आपल्या तळहातावर अलगद तोलून धरलं. काकींना हवा तो सूर सापडायला पुष्कळ वेळ लागला. भाई हलले नाहीत.