मुनीम आणि चारचा चहा

मनकर्णाबाई बासष्टाव्या वर्षी वाचायला शिकल्या. उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयातून त्यांनी आयुष्यातले पहिले पुस्तक आणले, ते एका हाराच्या चोरीच्या रहस्यकथेचे. रोज दुपारी ओट्यावर बसून त्या ते मोठ्याने वाचायच्या, ओळीवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून. 'दा...रा...आड' इथवर पोहोचेपर्यंत शेजारच्या वच्छलाबाई आणि आबेदा श्वास रोखून बसत. भरभर वाचणाऱ्याला हे जमले नसते.

अडचण एकच. घरातला चारचा चहा साडेपाचला होऊ लागला. मनकर्णाबाईंचे यजमान काकासाहेब तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "काल मी शेवटचं पान वाचलं. हार मुनीमानं चोरलाय. चला, उठा आता."

वच्छलाबाई पदर झटकत उठल्या. "मग कशाला बसायचं बाई? माझी ज्वारी निवडायची राहिलीय."

मनकर्णाबाईंचे बोट ओळीवरच होते. बत्तीस पाने उरली होती. पहिलेच पुस्तक अर्धे टाकायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते, आणि ऐकणारेच नसले तर वाचायचे कुणासाठी?

"बस गं वच्छला. मुनीमच चोर हाय ना? मग घावतो कसा, ते तर बघू."

आणि भलतेच झाले. मुनीमाने नुसता कंदील उचलला तरी आबेदा म्हणे, "देखो, लागला कामाला." त्याने मालकिणीला पाणी दिले, तर वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "पिऊ नको गं माय." दोन दिवसांत गल्लीतल्या आणखी चौघी आल्या. चहा सहावर गेला.

काकासाहेबांची खुर्चीही आतल्या खोलीतून दाराशी आली, दारातून ओट्यावर.

"तुमाला तर सगळं ठावं हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मी चहाची वाट बघतोय."

शेवटचे पान उघडले तेव्हा बरोबर चार वाजले होते. "फौ...जदाराने दिवा वर धरला. चोराच्या तोंडावरचे फडके ओढले. तो... होता..." मनकर्णाबाईंनी पुस्तक मिटले. "चार झाले. ह्यांच्या चहाची वेळ. उरलेलं उद्या."

"मरू दे तो चहा." काकासाहेब खुर्चीच्या कडेला सरकले. "आधी चोर कोण ते सांग."

सहा जणींनी एकदम त्यांच्याकडे वळून पाहिले.

मनकर्णाबाईंनी पानात बोट तसेच ठेवले. "सांगते की. आधी चहा टाका. आठ कप, तुमचा धरून."